रोमिओला कोणी फोन का लावला नाही?

राम राम मंडळी! १९९६ सालचा 'रोमिओ + ज्युलिएट' पाहिलाय का? बाझ लुरमनचा, लिओनार्डो डिकॅप्रिओ आणि क्लेअर डेन्सचा. संवाद शेक्सपिअरचेच, ४०० वर्षांपूर्वीचे, आणि भोवती मोटारी, पेट्रोल पंप, हेलिकॉप्टर. पहिल्याच भांडणात एक जण ओरडतो, "तलवारी आवरा!" आणि हातात तर सगळ्यांच्या पिस्तुलं. मग कॅमेरा जवळ जातो, तर पिस्तुलावर नावच कोरलंय, 'स्वॉर्ड'. इथलं हसू दिग्दर्शकाला चालणारं आहे.

मला बोलायचंय ते वेगळ्या हसण्यावर. जिथे त्याला आपल्या डोळ्यांत पाणी हवं होतं, तिथे येतं त्यावर.

ज्युलिएट औषध घेऊन मेल्यासारखी पडून राहणार, हा बेत रोमिओला कळवायला पत्र निघतं. कुरिअरनं! कुरिअरवाला येतो, गाठ पडत नाही, पत्र राहून जातं. आम्ही अंगणात पडदा लावून पाहत होतो. मोठी आई म्हणाली, "अरे, त्या पोराले एक फोन तं लावा ना कोणी!" सगळं अंगण खो-खो हसलं.

खेड्यातल्या लोकांना शोकांतिका कळत नाही, असं कृपा करून म्हणू नका. ही पूर्व विदर्भातली झाडीपट्टी आहे. धानाची कापणी झाली, दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगावी निघतात आणि माणसं रात्रभर थंडीत बसून नाटक बघतात. विनोदी पात्र आलं की हसायचं, ते आत गेलं आणि लेकीचा निरोप आला की पदर डोळ्याला लावायचा, हे इथल्या बाईमाणसाला लहानपणापासून ठाऊक. मोठ्या आईचा प्रश्न रास्तच होता. ज्या शहरात पोलिसांचं हेलिकॉप्टर उडतं, टीव्हीवर बातम्या लागतात, तिथे एवढा जीवन-मरणाचा निरोप एका पत्रावर का सोडला?

मूळ नाटकात याला भक्कम कारण आहे. पत्र नेणारा फ्रायर जॉन, म्हणजे एक ख्रिस्ती साधू, प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो, दारं बंद केली जातात. २०२० साली गावाच्या वाटेवर काट्या टाकलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. चित्रपटानं साथ काढून टाकली आणि कुरिअर ठेवलं. कपडे नवे केले, अडचण मात्र नवी शोधली नाही.

२००० सालच्या 'हॅम्लेट'मध्येही तेच. मायकेल अल्मेरेडाचा, इथन हॉक त्यात. डेन्मार्कचं राज्य न्यूयॉर्कमधली कंपनी झालंय, ते पटतं. पण हॅम्लेटच्या बापाचं भूत जातं कुठे, तर पेप्सीच्या मशीनकडे, आणि तिथेच दिसेनासं होतं! जगावं की मरावं हे स्वगत हॅम्लेट व्हिडिओच्या दुकानात, 'ॲक्शन'च्या पाट्यांखाली फिरत म्हणतो. स्वगताचा शेवट माणसाच्या हातून कृती कशी निसटते यावरच आहे, म्हणजे पाटी विचार करून लावलेली दिसते. पण डोळा पाटीवर अडकतो आणि कान रिकामा राहतो.

आणि तरी 'रोमिओ'च्या शेवटाला आमच्या अंगणात कोणी हूं की चूं केलं नाही. मूळ नाटकात तो मेल्यावर ती जागी होते. इथे तो विष तोंडाला लावतोय आणि तिचे डोळे उघडतात. तिथे फोन असता तरी काय कामाचा?

झाडीपट्टीसाठी लिहिणाऱ्या मित्रांनो, हे नाटक गडचिरोलीतल्या भामरागडला आणा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, पुलावरून पाणी गेलं की पलीकडे जाता येत नाही. पोराच्या हातात फोन द्या, चांगला चार्ज केलेला. फक्त टॉवर बंद ठेवा. मोठी आई पहिल्या रांगेत बसेल, आणि मला खात्री आहे, ती हसणार नाही.