खडकातले ओक

[दृश्य: चित्र, अगदी जवळून]

कागद वहीच्या पानाहून लहान. रंग एकच, काळा. खडकांमधून वर आलेली ओकची झाडं, आणि पानोपानी नुसत्या रेघा. आखूड, वाकड्या, एकमेकींत गुंतलेल्या. या चित्राचं नाव ‘शेन द रोश’, खडकातले ओक. साल १८६१. चित्रकार तेओदोर रूसो. तत्त्वज्ञ रूसो तो वेगळा. हा झाडांचा रूसो.

[दृश्य: जंगल, सकाळचं ऊन]

हे त्याचं जंगल, फॉन्तेनब्लो. पॅरिसच्या आग्नेयेला साधारण ६० किलोमीटरवर. वाळूखडकाचे हे धोंडे पाहा. असाच दगड इथून फोडून पॅरिसच्या रस्त्यांवर बसवला जायचा. जंगलाच्या कडेला बार्बिझों गाव आहे, तिथे रूसो राहायचा. पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनातून त्याची चित्रं वर्षानुवर्षं परत आली. तो मात्र पुन्हा याच झाडांपाशी येऊन बसला.

[दृश्य: कार्यशाळा, हात आणि तांब्याचा पत्रा]

हे चित्र तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं आहे. असं चित्र तयार कसं होतं? पत्रा घासूनपुसून लख्ख करायचा. त्यावर मेण आणि डांबराचा पातळ थर द्यायचा, धुरावर धरून तो काळा करायचा. मग सुई घ्यायची. सुई तांबं कोरत नाही, फक्त मेण खरवडते. म्हणून हात कागदावर चालावा तसा मोकळा चालतो. पानांची ही सळसळ त्या मोकळ्या हातातून आलेली आहे.

[दृश्य: आम्लात बुडलेला पत्रा, बुडबुडे]

आता पत्रा आम्लात. मेण निघालंय तिथेच आम्ल तांबं खातं. बुडबुडे साचले की पिसानं हलकेच बाजूला सारायचे. फिक्या हव्यात त्या रेघा लवकर झाकून टाकायच्या. ज्या गडद हव्यात, त्या आणखी खाऊ द्यायच्या. झाडाखालची सावली म्हणजे आम्लात जास्त वेळ राहिलेलं तांबं.

[दृश्य: शाई, मलमल, दाबयंत्र]

शाई भरायची. मग मलमलीनं पुसायची, शेवटी तळहातानं. वर ओलसर कागद, आणि दाबयंत्राचं चाक. कागद उचलताना घाई करायची नाही.

[दृश्य: कागद पत्र्यावरून सुटतो. निवेदन नाही.]

[दृश्य: पाइनच्या सरळ रांगा]

त्या काळी वनखातं जुने ओक तोडून इमारती लाकडासाठी पाइन लावत होतं. रूसोला ते सहन होईना. १८५२ साली त्यानं चित्रकारांच्या वतीनं सरकारकडे अर्ज केला: ही जुनी झाडं राहू द्या. १८५३मध्ये ६२४ हेक्टर जंगल बाजूला ठेवलं गेलं. १३ ऑगस्ट १८६१ला बादशाही हुकूम निघाला आणि ते क्षेत्र १,०९७ हेक्टर झालं. कशासाठी? चित्रकारांनी पाहावं, रंगवावं म्हणून. अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान व्हायला तेव्हा ११ वर्षं बाकी होती.

खडकातले ओक छापले गेले तेही त्याच वर्षी.

[दृश्य: धोंड्यावरची कांस्यप्रतिमा]

रूसो १८६७ साली बार्बिझोंमध्येच वारला. हा धोंडा जंगलाच्या तोंडाशी आहे. १८८४ साली त्यात बसवलेले हे दोन चेहरे: एक रूसोचा, दुसरा त्याचा शेजारी आणि मित्र, चित्रकार मिलेचा.

[दृश्य: ओकचा शेंडा, वारा. २० सेकंद फक्त पानांचा आवाज.]