डिस्क घेत नाही

(दृश्य : लालबाग. चाळीतली पहिल्या मजल्यावरची खोली. माळ्यावरून एक खोकं खाली येतं.)

खोक्यावर दादाने मार्करने लिहिलंय : हात लावू नये. अक्षर २००५ सालातलं. दादा तेव्हा नववीत होता, मी पाचवीत. घरात तो हुकूम लागू होणारं माणूस एकच होतं.

आत प्लेस्टेशन टू, सोनीचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन. जाडा मॉडेल. फूटभर लांब, काळा, हातात घेतला की दोन किलोंचं वजन जाणवतं. या एका खोलीत आम्ही पाच माणसं राहायचो आणि टीव्ही एकच होता. बाबांच्या बातम्या झाल्या, आईची मालिका झाली की मग आमची पाळी. आमची म्हणजे अख्ख्या मजल्याची. क्रिकेट ०७ हा गेम लागला की आत बसायला जागा नसलेली मुलं गॅलरीत खिडकीचे गज धरून उभी राहायची. आउट झाला की रिमोट दुसऱ्याच्या हातात, हा नियम. आम्ही कंट्रोलरला रिमोटच म्हणायचो.

(दृश्य : वायर जोडली जाते. लाल दिवा हिरवा होतो.)

चालू झाला! चौदा वर्षांनी, पहिल्या दाबात. दादा डिस्क ठेवतो. ती फिरते, थांबते, पुन्हा फिरते. आतून खरखर येते. आणि मग पडद्यावर तो लाल धूर. ज्यांच्याकडे हे मशीन होतं त्यांना हा लाल पडदा माहीत आहे. त्याचा अर्थ एकच : ही डिस्क मला वाचता येत नाही.

दादा हळूच म्हणतो, "घेत नाही रे."

(दृश्य : ग्रँट रोड स्टेशन, पूर्व. लॅमिंग्टन रोड. दुकानांच्या पाट्या.)

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. ज्या दुकानात आम्ही गेलो तिथले काका सत्तरीकडे झुकलेत. त्यांनी मशीन उघडलं, लेन्सवर प्रकाश धरला आणि आम्हाला वाकून बघायला लावलं. डाळीच्या दाण्याएवढं भिंग, त्यावर बारीक पांढरट थर.

"मुंबईची हवा आहे ही," काका म्हणाले. "समुद्र, पावसाळा, गिरण्यांच्या बाजूची धूळ. पुसून देतो. पण लेझरच थकला असेल तर पुसून काय होणार?"

हे भिंग डिस्कच्या पृष्ठभागापासून जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर तरंगतं. डिस्क थोडी जरी वाकडी फिरली तरी दर क्षणाला वर-खाली होऊन फोकस धरून ठेवतं. त्याच्या पाठीमागचा लेझर वर्षानुवर्षं जळून मंद होत जातो. आधी निळ्या तळाच्या डिस्क रुसतात. त्या सीडी असतात, जुन्या छोट्या गेम त्यांवर यायच्या. कधी उलटं होतं, सीडी चालतात आणि चंदेरी डीव्हीडी बंद पडतात, कारण दोन्हींसाठी लेझर वेगवेगळा लागतो. आमच्याकडे दोन्ही बंद होत्या.

नवी लेन्स मिळते. पण आज 'नवी' म्हणून मिळते ती बऱ्याचदा दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढलेली. सोनीने या मशीनचं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला पूर्ण थांबवलं. जगात पंधरा कोटींहून जास्त विकली गेलेली वस्तू, आणि तिचा पहिला मरणारा अवयव सोनी आता बनवत नाही. हे मला आजही पटत नाही.

काकांनी मशीन पालथं केलं. मागच्या बाजूचं प्लॅस्टिकचं झाकण बोटाने काढलं. आत मोकळी जागा. साडेतीन इंची हार्ड डिस्क बरोबर मावेल एवढी. म्हणजे लेन्सऐवजी गेम हार्ड डिस्कवरून चालवता येतील.

ही जागा कोणा कारागिराने कोरलेली नाही. सोनीनेच ठेवलेली आहे. इंटरनेटची वायर लावायला एक नेटवर्क अ‍ॅडॉप्टर मिळायचा. त्याच्याच पाठीवर हार्ड डिस्कसाठी आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीची माहितीची जोडणी, आणि विजेची जोडणी आहे. सोनीची स्वतःची ४० जीबीची हार्ड डिस्क अमेरिकेत २००४ मध्ये फायनल फँटसी इलेव्हन या गेमसोबत आली. त्याच वर्षी बारीक मॉडेल आलं आणि त्यात ही जागाच काढून टाकली. म्हणून ज्या जाड्या मशीनला आम्ही मित्रांच्या सडपातळ मशीनसमोर लपवायचो, तेच आज कामाचं निघालं.

बारीक मॉडेलवाले काय करतात? पुढच्या यूएसबीला पेनड्राइव्ह लावतात. चालतं, पण ते यूएसबी १.१ आहे. सेकंदाला दीड एमबीच्या वर जात नाही. मूळ डीव्हीडी मशीन सेकंदाला पाच एमबीपर्यंत वाचायचं. त्यामुळे गेम सुरू होतो, पण मधला व्हिडिओ आला की चित्र अडकतं आणि आवाज तुटतो.

(दृश्य : दुकानाच्या मागची मांडणी. जुन्या हार्ड डिस्कचा ढीग.)

काकांनी एका जुन्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून निघालेली ८० जीबीची डिस्क काढली. कानाला लावून ऐकली. आम्हालाही ऐकवली. एकसारखी घरघर असेल तर ठीक, मध्येमध्ये टक-टक येत असेल तर घेऊ नका. आत चकचकीत चकती मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारत असते आणि वाचणारा हात तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतो. टक-टक म्हणजे त्या हाताला वाट सापडत नाहीये.

दुसऱ्या एका गाळ्यात आम्हाला शेकडो गेम आधीच भरलेली हार्ड डिस्क देऊ केली गेली. दादा नाही म्हणाला. मीही नाहीच म्हणालो असतो. आमच्या कपाटात गेमच्या १९ डिस्क आहेत. भाऊबीज, दहावीचा निकाल, बाबांचा बोनस. प्रत्येकीमागे घरातला एक दिवस आहे. आम्हाला त्याच हव्या होत्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम प्रोग्रामची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, ती बिघडण्या-हरवण्यापासून वाचवायला बॅकअप ठेवू देतं. दुसऱ्याच्या शेकडो गेम विकायची परवानगी त्यात नाही.

(दृश्य : रात्र. लॅपटॉप, बाहेरून जोडलेला डीव्हीडी ड्राइव्ह, ओळीत मांडलेल्या डिस्क.)

हे काम चिकाटीचं आहे. प्रत्येक डिस्क लॅपटॉपमध्ये घालायची, तिची जशीच्या तशी प्रत, आयएसओ, काढायची. ओरखडा असला की ड्राइव्ह एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचत बसतो. मग हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडायची आणि प्रती तिच्यावर चढवायच्या. इथे एक सांगायलाच हवं. प्लेस्टेशन टूची हार्ड डिस्क स्वतःच्या वेगळ्या पद्धतीने विभागलेली असते, विंडोजला ती ओळखू येत नाही. ती जोडली की विंडोज विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करू का? नाही म्हणायचं. झोपेत हो म्हणालात तर सगळी रात्र वाया.

मशीनला हार्ड डिस्कवरून गेम चालवायला शिकवावं लागतं. ती शिकवणी एका मेमरी कार्डवर असते, फ्री मॅकबूट नावाची. मशीन चालू होताना कार्डावरून ती उठते आणि ओपन पीएस-टू लोडर नावाच्या प्रोग्रामकडे घेऊन जाते. हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, फुकट, सगळ्यांना उघडा. त्याच्या पडद्यावर आपल्या गेमची यादी येते. गेम जेव्हा जेव्हा लेन्सला हाक मारतो, तेव्हा तेव्हा हा प्रोग्राम मध्ये उभा राहतो आणि उत्तर हार्ड डिस्ककडून आणून देतो. गेमला वाटतं डिस्क फिरतेय.

अकरावी डिस्क हातात आली तेव्हा मी थांबलो. देसी अड्डा. २००९ साली हैदराबादला बनलेला गेम. त्यात कबड्डी आहे, पतंग आहेत, विटीदांडू आहे. त्याच्याच आगेमागे, हैदराबादलाच, हनुमान : बॉय वॉरियर बनला. आपल्या मातीतले खेळ, आपल्या माणसांनी या मशीनसाठी लिहिलेले. आज दुकानात यातलं काही मिळत नाही. अशा डिस्क आहेत त्या कुणाच्या तरी कपाटात, माळ्यावर, रद्दीच्या वाटेवर. तुमच्याकडे असतील तर कृपा करून टाकू नका. प्रत काढा, आणि प्रत काढली तरी मूळ डिस्क जपा. या एका गोष्टीसाठी आम्ही हा व्हिडिओ केला आहे.

(दृश्य : सकाळ. झाकण लागतं. टीव्ही चालू.)

गेम सुरू झाला. खरखर नाही. लेन्सला डिस्कच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत रुळावरून सरकावं लागायचं. हार्ड डिस्कचा हात हवी ती जागा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास गाठतो. 'लोडिंग' वाचता वाचता ते गेलं. दादा म्हणाला, "अरे, आपण यात पाणी पिऊन यायचो."

पण एक गेम चालेना. मधेच गोठायचा. कारण कळलं तेव्हा मी चकित झालो. काही गेम लिहितानाच डिस्कचा वेग धरून लिहिलेले आहेत. माहिती ठरल्यापेक्षा लवकर आली की त्यांची लय चुकते. त्यासाठी लोडरमध्ये एक सेटिंग आहे, हार्ड डिस्कला मूळ डिस्कच्या चालीने वाचायला लावणारी. ती लावली. गेम चालला. वीस वर्षांपूर्वीच्या कुणा प्रोग्रामरने त्या मंद लेन्सशी किती जुळवून घेतलं होतं, ते त्या गोठलेल्या पडद्यात मला दिसलं.

(दृश्य : दादाचं आताचं घर, कांजूरमार्ग. मुलगा प्लेस्टेशन फाइव्हसमोर.)

दादाच्या मुलाकडे आजची गोष्ट नेमकी उलटी. प्लेस्टेशन फोरला २०१७ च्या मार्चपासून बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क लावता येते, गेम तिच्यावरूनच चालतात. प्लेस्टेशन फाइव्हचे गेम तसे चालत नाहीत. सुरुवातीच्या मॉडेलच्या आत ८२५ जीबीचं एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, त्यातलं गेमसाठी साडेसहाशेच्या आसपास उरतं, आणि ते सेकंदाला साडेपाच जीबी वाचतं. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी. गेम तो वेग धरूनच बांधलेले, म्हणून हार्ड डिस्कवर ते फक्त ठेवता येतात. खेळायचं तर परत आत आणायचे. शंभर जीबीचा गेम असेल तर पंधरा-वीस मिनिटं.

पोरगं त्या वेळात जेवून घेतं. त्याच्या आईची याबद्दल काही तक्रार नाही.

खेळायचीच जागा वाढवायची तर आत एम.२, म्हणजे छोट्या पट्टीसारखं, एसएसडी बसवावं लागतं. सप्टेंबर २०२१ पासून ती सोय आहे. पीसीआयई या जोडणीच्या चौथ्या पिढीचं, सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त वेगाचं, आणि वर उष्णता खेचणारी धातूची पट्टी, म्हणजे हीटसिंक, हवीच. उंची सव्वाअकरा मिलिमीटरच्या आत. मेच्या मुंबईत हीटसिंकशिवाय बसवू नका.

(दृश्य : पुन्हा लालबाग. रविवार. खोलीत आई, दादा, त्याचा मुलगा.)

आता आमच्या ८० जीबीच्या डिस्कलाही वय आहे. ती आधीच कुणाच्या तरी ऑफिसात वर्षानुवर्षं राबलेली. म्हणून त्याच आयएसओ दुसऱ्या एका डिस्कवर आहेत, आणि ती माझ्या घरी, बोरिवलीला. लोकलमधून नेताना टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती.

सेव्ह, म्हणजे कुठवर खेळलो त्याच्या नोंदी, मात्र हार्ड डिस्कवर नव्हते. ते दादाच्या जुन्या ८ एमबीच्या मेमरी कार्डवरच होते, पहिल्या खाचेत. दुसऱ्या खाचेत नवं कार्ड. क्रिकेट ०७ उघडला, आणि यादीत दादाची स्पर्धा होती. अर्धवट राहिलेली. पुढचा सामना अजून व्हायचाच होता.

दादाने रिमोट हातात घेतला. मग मुलाकडे बघितलं आणि म्हणाला, "आउट झालो की तुला."

पोरगं आधीच पुढे सरकून बसलं होतं. आईने गॅलरीचं दार उघडलं. बाहेर शेजारची दोन मुलं गज धरून उभी होती.