मुद्दाम चुकवलेला सूर

मित्रहो, 'ग्ली' ही शाळेतल्या गायनवृंदावरची अमेरिकन मालिका फॉक्स वाहिनीवर २००९ साली सुरू झाली आणि २०१५ साली संपली. सहा सीझन, १२१ भाग. त्यातले सगळेच भाग चांगले होते असं मी म्हणणार नाही. शेवटची दोन-तीन वर्षं कथा पार भरकटली होती. पण पहिल्या वर्षी तिने जे केलं, त्यासाठी मी तिचा आजही ऋणी आहे.

ओहायो राज्यात लायमा हे खरंखुरं गाव आहे. तिथली मॅकिन्ली हायस्कूल ही शाळा मात्र कल्पनेतली. स्पॅनिश शिकवणारे विल शूस्टर सर शाळेचा मरायला टेकलेला गायनवृंद पुन्हा उभा करायला घेतात. नाव द्यायला येतात कोण? ज्यांना शाळेत कुणी हिंग लावून विचारत नाही, अशी मुलं. येताजाता यांच्या तोंडावर स्लशी फेकली जाते. रंगीत सरबतात भिजलेला बर्फाचा चुरा, पेला भरून. शर्ट रंगतो, डोळे चुरचुरतात आणि बघणारे हसतात. हीच मुलं पहिल्या भागाच्या शेवटी लाल टी-शर्ट घालून 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' गातात, तेव्हा नोकरी सोडायला निघालेले सर थांबतात.

पुढे एकेक पायरी वर चढत जाणाऱ्या स्पर्धा येतात: सेक्शनल्स, रीजनल्स आणि शेवटी देशपातळीवरची नॅशनल्स. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात घसा फोडून 'आवाज कुणाचा' केलेल्यांना त्यातली धडधड वेगळी सांगायला नको.

पण माझ्यासाठी 'ग्ली' म्हणजे 'व्हील्स' हा नववा भाग. कर्ट हमेल हा उंच पट्टीत गाणारा, कपड्यांचा शौकीन, समलिंगी मुलगा. आई लहानपणीच गेलेली. वडील बर्ट गाड्या दुरुस्तीचं गॅरेज चालवतात; डोक्यावर कायम टोपी, बोलणं मोजकं. कर्टला 'विकेड' या संगीतिकेतलं 'डिफाइंग ग्रॅव्हिटी' गायचंय. सर सांगतात, ते मुलीचं गाणं आहे, वृंदातली मुख्य गायिका रेचल गाईल. बर्टला त्या गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पोरावर अन्याय झालाय एवढं पक्कं कळतं. तो तडक शाळेत जाऊन भांडतो आणि दोघांची चाचणी ठरते. मग गॅरेजमध्ये एक निनावी फोन येतो. मुलावरून घाणेरडी शिवी. बर्टचा चेहरा पडतो, आणि कर्ट तो बघतो.

चाचणीत वरचा 'एफ' हा गाण्यातला सगळ्यात उंच सूर आला की कर्ट तो मुद्दाम चुकवतो. घरी तो सूर त्याने लीलया लावलेला असतो. आपण मंचावर गेलो तर वडिलांना असे फोन येतच राहतील, हे त्याला उमगलेलं असतं. तो वडिलांना सांगतो, मला स्टार होण्यापेक्षा तुम्ही जास्त हवे आहात. सुरांच्या मालिकेने सगळ्यात मोठी गोष्ट बेसुऱ्या जागेवरून सांगितली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

ही गोष्ट खऱ्या आयुष्यातून आली होती. क्रिस कोल्फर मुळात आर्टी या व्हीलचेअरवरच्या मुलाच्या भूमिकेसाठी आला होता. निर्माते रायन मर्फी यांना तो इतका आवडला, की त्याच्यासाठी कर्ट हे पात्र नव्याने लिहिलं गेलं. आणि तू मुलगा आहेस म्हणून हे गाणं गायचं नाही, हे कोल्फरने स्वतःच्या शाळेत ऐकलेलं होतं. २०११ साली त्याला या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोब मिळालं.

त्याच भागात आर्टीसोबत अख्खा वृंद व्हीलचेअरवर बसून नाचतो. आर्टी झालेला केविन मॅकहेल स्वतः चालता-फिरता, म्हणून तेव्हा टीका झाली. ती टीका मला रास्त वाटते. अशी भूमिका खऱ्या व्हीलचेअर वापरणाऱ्या नटाला मिळायला हवी होती.

वृंदातला मुख्य गायक फिन झालेला कोरी मॉन्टिथ २०१३च्या जुलैमध्ये अवघ्या ३१व्या वर्षी गेला. त्यानंतरच्या 'द क्वार्टरबॅक' या भागात फिन कसा गेला हे सांगितलंच नाही. त्याची आई त्याची खोली आवरताना जे बोलते, ते मी इथे बोलून दाखवू शकणार नाही. तो प्रवेश पाहायलाच हवा.

आता आपण 'व्हील्स'मधली ती चाचणी पडद्यावर बघू. रेचल आणि कर्ट आलटून पालटून गातात. शेवटच्या चढाला कर्टच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. सूर चुकण्याआधीच त्याचं ठरलेलं दिसतं.