बोल की : सोलापूरच्या पहाटेचा दम

(काळोख. चित्र नाही. फक्त बुटांचा आवाज आणि कुणाचं तरी धापा टाकणं.)

"घर कुठं आलं बे तुझं?"
"साखर... पेठ..."
"साखर पेठेत कुठं? बोल की!"
(उत्तर येत नाही. नुसती धाप.)
"थांब मग. चाल जरा. दमानं."

(संभाजी तलाव. पाण्यावर अजून उजेड नाही.)

निवेदन :

धापा टाकणारा तो आवाज माझा आहे. दोन वर्षांपूर्वीचा, मित्राच्या मोबाइलवर टिपलेला. विजापूर रस्त्याला संभाजी तलावाच्या कडेनं मी जेमतेम आठशे मीटर पळालो होतो. आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी हा अजून कंबर तलावच आहे. छातीत लोहाराचा भाता चालावा तसं चाललं होतं आणि ज्या घरात जन्म गेला त्या घराचा पत्ता मला सांगता येत नव्हता.

त्या दिवशी मला वाटलं, आपल्यात दमच नाही. पळणं हे आपलं काम नव्हे. तसं वाटून घरी बसलेले किती तरी लोक या शहरात असतील. ही चित्रफीत मी त्यांच्यासाठी केली आहे.

(सहा-सात माणसं कट्ट्यावर बुटांच्या नाड्या बांधताहेत.)

या गटाला नाव नाही. बनियनवर काही छापलेलं नाही, वर्गणी नाही. कुणी टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो, कुणी पतसंस्थेत कारकून आहे, एक ताई कडक भाकरी करून विकतात, आणि एक निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात. कुणाच्या घरात तेलुगू, कुणाच्या घरात कन्नड, रस्त्यावर आलं की सगळ्यांचं सोलापुरी मराठी. सावकाश पळ असं सांगायचं झालं तर एक जण 'मेल्लगा' म्हणतो, दुसरा 'निधान', तिसरा 'दमानं'.

या 'दमानं' शब्दावर मी बरेच दिवस विचार करत होतो. आपल्याकडे दम म्हणजे श्वास, दम म्हणजे ताकद आणि दम धरणं म्हणजे थांबणं, वाट पाहणं. तिन्हीला एकच शब्द. आजी म्हणायची, "दमानं घे रे." ती मला श्वासाबरोबर चाल असंच सांगत होती, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

(पळणाऱ्या पायांचे जवळून दृश्य. वेग अगदी कमी. दोघं जण बोलत चाललेत.)

गटाचा पहिला नियम हाच, बोलता आलं पाहिजे. बाजूला पळणारा मधूनच "बोल की" म्हणतो. त्यावर पूर्ण वाक्य, न तुटता, म्हणता आलं तर वेग बरोबर. दोन-तीन शब्दांवर अडकलात तर वेग जास्त. घड्याळ नको, छातीला ठोके मोजायचा पट्टा नको. जगभरचे प्रशिक्षक नवख्या माणसाला हीच बोलण्याची कसोटी सांगतात. पण आपल्या जिल्ह्याला ती नवी कशाला वाटावी? आळंदी ते पंढरपूर हे सुमारे 250 किलोमीटर वारकरी गात गातच चालतात. गाता येईल एवढ्याच चालीनं चालायचं, म्हणून तर सत्तरीतली माणसं पंढरीला पोचतात. आणि वेळापूरजवळ धावा होतो तेव्हा तीच माणसं उतारावरून पळत सुटतात. दिवसच्या दिवस दम राखलेला असतो, म्हणून त्या घटकेला तो खर्च करता येतो.

(मास्तर कट्ट्यावर बसलेत. पुढ्यात पाण्याची बादली, दोन तांबे.)

धापेचं गणित मास्तरांनी मला तांब्यांवर समजावलं. ते त्यांच्याच तोंडून ऐका.

मास्तर : "हे बघा बाळांनो. निवांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. त्यातली दीडशे मिलिलिटर श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसाच्या पिशव्यांपर्यंत पोचतच नाही. हा हमाली खर्च समजा. श्वास लहान घ्या नाहीतर मोठा, हमाली तेवढीच. आता एक जण मिनिटाला चाळीस श्वास घेतो, तीनशे-तीनशेचे. बारा लिटर झाले. हमाली किती? चाळीस गुणिले दीडशे, सहा लिटर. निम्मी हवा वाटेतच गेली. दुसरा वीसच घेतो, पण सहाशेचे. त्याचेही बारा लिटर. हमाली तीन. नऊ लिटर कामाला आली. दोघांनी हवा तेवढीच ओढली, पण पहिला धापा टाकतोय."

निवेदन :

पळताना आकडे याहून बरेच मोठे होतात. जोरात पळणारा माणूस मिनिटाला चाळीस ते साठ श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासही मोठा असतो. पण हिशोबाची रीत बदलत नाही. घाबरलेला नवखा माणूस गळ्यातल्या गळ्यात श्वास घेतो, खांदे कानाला लावतो आणि हमालीतच संपतो.

मास्तरांची आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. श्वास घे म्हणून शरीर जो आतून धक्का देतं, तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. म्हणून दम लागला की मोठ्ठा श्वास ओढायची घाई करायची नाही. आधी पूर्ण सोडायचा. भांडं रिकामं झालं की भरायला वेळ लागत नाही.

(ताईंचं घर. भिंतीला टेकवून कडक भाकऱ्यांची चळत. ताई चटईवर उताण्या झोपल्या आहेत. पोटावर कापडी पिशवी.)

पिशवीत अर्धा किलो ज्वारी आहे. श्वास घेताना पिशवी वर गेली पाहिजे, सोडताना खाली. छाती शक्य तेवढी स्थिर. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. तो खाली सरकला की पोट पुढं येतं आणि फुप्फुसांना खाली जागा होते. योगाच्या वर्गात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण झोपून जमणं वेगळं, बसून वेगळं, आणि पळताना जमणं त्याहून वेगळं. ताईंना तिथवर यायला तीन महिने लागले.

ताई : "आधी मी हसायचे. ज्वारी ही काय पोटावर ठेवायची वस्तू आहे? पण भट्टीच्या धुरात वीस वर्षं काढली. श्वास अर्धाच घ्यायची सवय झाली होती. धूर आत जाऊ नये म्हणून. पळायला लागले तेव्हा कळलं, उघड्या हवेतसुद्धा मी अर्धाच घेत होते."

निवेदन :

ताईंचं हे बोलणं टिपल्यावर कॅमेरा बंद करून आम्ही थोडा वेळ गप्प बसलो होतो. धुरातली, सुताच्या धुळीतली किती माणसं या शहरात असाच अर्धा श्वास घेत असतील? ज्यांना खोकला आहे, दमा आहे, पळताना छातीत दुखतं किंवा चक्कर येते, त्यांनी मास्तरांचा तांब्या बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. गटात हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं, आणि ताईंना तर डॉक्टरांकडे जाऊन आल्याशिवाय पळू दिलं नव्हतं.

(पूर्व भाग. बंद दारांमागून यंत्रमागाची खडखड. गल्लीतून एक तरुण पळत येतो.)

हा तरुण रात्रपाळी करतो. दिवस-रात्र कानात मागाचा ताल. सुरुवातीला त्यानं त्या तालावर पाय टाकायचा प्रयत्न केला आणि दोन गल्ल्यांत दमला. यंत्राचा ताल यंत्रालाच. मग त्यानं स्वतःचा धरला, चार पावलांचा. दोन पावलं श्वास आत, दोन पावलं बाहेर.

यामागची गंमत मोठी आहे. 1983 मध्ये ब्रॅम्बल आणि कॅरियर या दोन अमेरिकन संशोधकांनी पळणाऱ्या प्राण्यांचा श्वास मोजला. घोडा चौखूर उधळला की एका झेपेला एकच श्वास. त्याचं अंगच तसं आकसतं आणि पसरतं, त्याला दुसरी सोय नाही. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्याचा श्वास पायांच्या तावडीतून सुटला. आपण चार पावलांना एक श्वास घेऊ शकतो, पाचाला घेऊ शकतो, सहालाही. सरावलेल्या माणसांत सगळ्यात जास्त दिसला तो चार पावलांचाच, म्हणजे आमच्या या रात्रपाळीवाल्याचा. त्याला हे सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की तलावाला आणखी एक फेरी मारून आला.

गटातले दोघं पाचाचा ताल धरतात. तीन पावलं आत, दोन बाहेर. बड कोट्स नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं ही रीत लोकप्रिय केली. त्यांचं म्हणणं असं की श्वास सोडायला लागतो तेव्हा पोटाचे स्नायू सैल असतात. पाच हा विषम आकडा, त्यामुळे ती वेळ कधी उजव्या पायावर येते, कधी डाव्या. एकाच बाजूला मार बसत नाही. मला स्वतःला पाचाचा ताल संथ पळताना सोपा जातो, चढ आला की सुटतो. सुटला तर सुटू द्यावा. मोजण्यात जीव अडकला तर पळण्यातला आनंद जातो.

आणि तोंड मिटून नाकानंच श्वास घ्यायचा, हा हट्ट गटात कुणी धरत नाही. संथ पळताना नाक चांगलं, हवा गाळून, ओली होऊन आत जाते. वेग वाढला की तोंड उघडायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

(रविवार. सकाळचे साडेसात. सिद्धेश्वर तलावाचा काठ, मागे भुईकोट किल्ल्याचे बुरूज. सगळे गोल करून बसलेत. मधोमध एक वही.)

आता ज्यासाठी मी कॅमेरा घेऊन आलो, तो हिशोब.

दर रविवारी लांबचं पळणं झालं की ही वही उघडते. कधी तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याच्या तलावाकडे, कधी होटगी रस्त्यानं, पळून सगळे इथं येतात. प्रत्येकानं आपला आठवडा सांगायचा. मंगळवारी किती, गुरुवारी किती, दम कुठं तुटला, झोप किती झाली. वहीत रकाने आहेत वार, अंतर, श्वास आणि झोप यांचे. वेगाचा रकाना मास्तरांनी मुद्दाम आखलेला नाही. तो असता तर खोटं लिहिलं गेलं असतं, असं ते म्हणतात.

"मंगळवारी पाच, बोलत. गुरुवारी चारशे मीटरचे सहा, शेवटच्या दोनला बोलणं बंद. शनिवारी चार. आज बारा."
"मी गुरुवारी आलो नाही. पाळी बदलली. झोप चार तास."
"मी खोटं पळाले. नणंद बरोबर होती, तिला दाखवायला जोरात गेले. दोन दिवस पोटऱ्या धरल्या."

यावर कुणी हसत नाही. चार तास झोपलेल्याला सांगतात, या आठवड्यात वेगाचं पळणं सोड. ताईंना सांगतात, तीन दिवस नुसतं चाला. आठवड्यातलं बहुतेक पळणं बोलता येईल असंच हवं, जोराचं एखाद-दुसरं, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. नामवंत धावपटूंच्या सरावाच्या नोंदी तपासणाऱ्यांनाही साधारण हेच दिसलं. दहातली आठ सत्रं संथ.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. ताईंच्या मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर ते नाव लिहिलेलं आहे. मुलगी आता आईबरोबर येते. आईपेक्षा जोरात पळते, आणि "बोल की" म्हणून आईच तिला आवरते.

(एप्रिल. पहाटेचे पावणेपाच. रस्त्यावरचे दिवे.)

सोलापूरचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. पारा 43-44 अंशांवर जातो. हवा कोरडी, घाम येतो तसा वाळतो, त्यामुळे किती घाम गेला हे कळतच नाही. बनियनवर मिठाचे पांढरे डाग उठतात तेव्हा कळतं. अशा दिवसांत तीच चाल ठेवली तरी काळजाचे ठोके जास्त पडतात, म्हणून चालच कमी करायची. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस वहीत अंतर घटलेलं दिसतं. कमरेला लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली, आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत घर.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात, पांढऱ्या बाराबंद्यांनी रस्ते भरतात. त्या रविवारी लांबचं पळणं नसतं. आमच्यातला एक जण नंदीध्वज पेलतो. एवढी उंच काठी तोल न जाता धरायची आणि शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांच्या वाटेनं चालायचं. त्याला विचारलं, श्वास कसा ठेवतोस? तो म्हणाला, "काठी डोलली की श्वास सोडायचा. ओढला की काठी गेली."

(संभाजी तलाव. तीच कड, तीच वेळ. एक नवा माणूस, पन्नाशीचा, पतसंस्थेतला शिपाई. बाजूला निवेदक पळतो आहे.)

हे काका तीन महिन्यांपूर्वी आले. पहिल्या दिवशी विजेच्या दोन खांबांपर्यंत पळाले. मग एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं, असं करत करत आज तलावाची पूर्ण फेरी. मी त्यांच्या डाव्या हाताला आहे.

"काका, घर कुठं आलं तुमचं?"

"आमचं? आमचं घर बघा, अशोक चौकातून आत वळलं की पिठाची गिरणी लागते. गिरणीला लागून बोळ. बोळात तिसरं दार. पुढं लिंबाचं झाड आहे, वडिलांनी लावलेलं. पूर्वी तिथं चार हातमाग होते. मी लहान असताना धोट्याच्या आवाजावर झोपायचो. आई मग हाक मारायची, आधी तेलुगूत, उठलो नाही तर मराठीत..."

(दोघं दूर जातात. बोलणं चालूच आहे. पाण्यावर उजेड येतो.)