संगणक आहे, पण वर्गात वापरतो कोण?

श्रोतेहो, नमस्कार. महाविद्यालयातील प्राध्यापक शिकवताना संगणक केव्हा वापरतात आणि केव्हा तो झाकून ठेवतात, याविषयी आज बोलायचे आहे. वय वाढले की माणूस संगणकाला बिचकतो, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. माणूस संगणक वापरेल की नाही, हे ठरवणारे दोन प्रश्न फ्रेड डेव्हिस या संशोधकाने १९८९ मध्ये महत्त्वाचे मानले: हे माझ्या कामाला उपयोगी पडेल का, आणि हे मला सहज जमेल का? उपयोग आणि सहजता, एवढे दोन शब्द ध्यानात ठेवा.

नागपुरातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. विभागात प्रोजेक्टर येऊन बराच काळ लोटला, तरी त्याचे प्लास्टिकचे आवरण त्यांनी कोणाला काढू दिले नव्हते. एकदा प्रात्यक्षिकाला संत्र्याच्या सालीचा छेद होता. चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक एकच आणि रांगेत सगळा वर्ग. प्रत्येक जण आपल्या नजरेप्रमाणे स्क्रू फिरवी, मागच्याला धूसर दिसे, आणि सर पुन्हा पुन्हा सांगत, ‘त्या गोल पोकळ्या दिसतात ना, त्याच तेलग्रंथी.’ एवढे सांगूनही एका मुलीने हवेचा बुडबुडाच तेलग्रंथी म्हणून वहीत काढला, नावासकट! सरांनी कपाळाला हात लावला.

तेव्हा कोपऱ्यात उभा असलेला प्रयोगशाळा परिचर म्हणाला, ‘सर, जरा थांबता का?’ त्याने प्रोजेक्टरचे आवरण काढले, संगणक सुरू केला, केबलने आपला मोबाइल त्याला जोडला आणि मोबाइलचा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर धरला. भिंतीवर सालीतली एकेक ग्रंथी ताटाएवढी दिसू लागली. सर छडी घेऊन भिंतीपाशी गेले, ग्रंथी कोणती आणि बुडबुडा कोणता हे त्यांनी एकदाच दाखवले, आणि रांग मोडली. ‘अरे, हे आधी का नाही सांगितलंस?’ ‘सांगितलं होतं ना सर, तुम्हीच म्हणाले धूळ बसते.’

त्यानंतर प्रात्यक्षिकाला प्रोजेक्टर नेहमी लागू लागला; तासाला मात्र सर फळ्यावरच चित्र काढत राहिले, आणि ते योग्यच होते, कारण रेषेमागून रेष उमटताना मुलांचा हातही बरोबर चालतो. पडद्यावरचा मजकूर शब्दशः वाचून दाखवणाऱ्यांनी तो मुलांना पाठवून द्यावा आणि तास सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ते असो.

सांगायचे ते हे की, उपयोग सरांना स्वतःच्या विषयात दिसला, आणि सहजता त्या परिचरामुळे आली. पेगी अर्टमर या शिक्षण-संशोधिकेने १९९९ मध्ये, वर्गात संगणक वापरण्याच्या आड येणाऱ्या गोष्टींत बाहेरचे अडथळे आणि आतले अडथळे असा भेद केला: यंत्र, वेळ, प्रशिक्षण आणि मदत यांची उणीव हे बाहेरचे, तर शिकवण्याविषयीच्या स्वतःच्या धारणा हे आतले. आपल्याकडे मराठीतून शिकवणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. जुन्या फाँटमध्ये टंकलेली टिपणे दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुराडा होतो. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर नीट वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, आणून द्यायला कोणी नसेल, तर प्राध्यापक खडूच उचलतात. २०२० च्या टाळेबंदीत सगळेच पडद्यावरून शिकवत होते, कारण दुसरा मार्गच नव्हता. वर्ग उघडल्यावर अनेक जण फळ्याकडे परतले. म्हणून संगणकाच्या खरेदीचा प्रस्ताव करताना, तो बिघडल्यावर तासाच्या वेळी कोण धावून येणार, हेही त्यात लिहिलेले असावे. नमस्कार.