छायाचित्रातला तुडतुडा ओळखताना

मित्रहो, सांगली जिल्ह्यात तुडतुडे, म्हणजे झाडांचा रस शोषणारे उड्या मारणारे लहान कीटक, शोधायला फार लांब जावे लागत नाही. भेंडीचे पान उलटून पाहावे, वाळव्याच्या उसात शिरावे किंवा पावसाळ्यात शिराळ्याच्या भाताच्या बांधावर उभे राहावे, ते लगेच दिसतात. मोबाइलला भिंग लावून त्यांची सुरेख छायाचित्रे काढणारे आता पुष्कळ जण आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा रंगाचा असतो. माझा आग्रह असा आहे की रंग शेवटी पाहावा; आधी डोके आणि मागचा पाय पाहावा. कात नुकतीच टाकलेला कीटक फिकट असतो, नर आणि मादी यांचे रंग अनेकदा जुळत नाहीत आणि पिल्लांना पूर्ण पंखच नसतात.

मागच्या पायाच्या नडगीवर काट्यांच्या लांब रांगा असतील, तर तो खरा तुडतुडा, म्हणजे सिकाडेलिडी कुळातला. या एका कुळात वीस हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. नडगीवर एकदोनच ठसठशीत काटे आणि टोकाशी काट्यांचे कडे असेल, तर तो फेसात वाढणाऱ्या कीटकांपैकी असतो. भातावरचा तपकिरी तुडतुडा नावाने तुडतुडा असला तरी निराळ्या गटातला आहे. त्याच्या नडगीच्या टोकाला हलणारी मोठी आर, म्हणजे टोकदार काटा, असते; त्याची शृंगिका (डोक्यावरची मिशी) डोळ्याच्या खालून निघते आणि तिचा दुसरा भाग फुगीर असतो. खऱ्या तुडतुड्याची शृंगिका केसासारखी बारीक असून दोन डोळ्यांच्या मधल्या भागात असते. हा फरक एकदा नजरेत बसला की एकाच शेतातले दोन निराळे गट आपोआप वेगळे दिसू लागतात. उसावरचा पायरिला तर डोक्यापुढे आलेल्या लांब चोचीमुळे आणि त्याची पिल्ले मागच्या दोन लांब तंतूंमुळे लगेच कळतात. जत-आटपाडीकडच्या बाभळीवर मुंग्यांच्या सोबतीने काट्यांसारखे कीटक बसलेले दिसले, तर वक्षाचे कवच पोटावरून मागे गेले आहे का, ते पाहावे. तसे असेल तर तो मेंब्रासिडी कुळातला आहे.

कूळ ठरल्यावर मात्र रंग कामाला येतो. भेंडी आणि कपाशीवरच्या अम्रास्का बिगुट्टुलाच्या प्रत्येक पुढच्या पंखावर टोकाजवळ एक काळा ठिपका असतो. भातावरच्या हिरव्या तुडतुड्यांमध्ये नेफोटेटिक्स निग्रोपिक्टसच्या डोक्यावर पुढच्या कडेला समांतर अशी काळी पट्टी असते, नेफोटेटिक्स व्हायरेसेन्सच्या डोक्यावर ती नसते. पंखांची टोके काळी असणे ही दोन्हींच्या नरांची खूण आहे, त्यामुळे केवळ पंखाचे छायाचित्र असेल तर त्यावरून जात ठरवणे योग्य नव्हे.

म्हणून एकाच कीटकाची तीन छायाचित्रे घ्यावीत: वरून, बाजूने आणि समोरून चेहऱ्याचे. डोक्यावरचे दोन साधे डोळे (मोठ्या डोळ्यांखेरीज असणारे ठिपक्यांएवढे डोळे) वर आहेत, कडेवर आहेत की चेहऱ्यावर, यावरून उपकुळाचा अंदाज येतो, आणि वरून घेतलेल्या एकाच चित्रात ते अनेकदा दिसत नाहीत. तुडतुडा सावली पडताच तिरका सरकून पानाच्या पलीकडे जातो. सकाळच्या गारव्यात मात्र तो मंद असतो, तेव्हा हळूच पान फिरवून हे तिन्ही कोन मिळवता येतात. जवळ मिलिमीटरची पट्टी ठेवावी, कारण तीन मिलिमीटर आणि आठ मिलिमीटर यांतला फरक मोठ्या केलेल्या चित्रात नाहीसा होतो. वनस्पतीचे नाव, ठिकाण आणि तारीख त्याच वेळी लिहावी.

एवढे करूनही अनेकदा प्रजातीपाशीच (जीनस, म्हणजे जातीच्या वरची पातळी) थांबावे लागते, आणि तसे थांबणे ही नोंदीतली उणीव नाही. पुष्कळ जाती नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरूनच वेगळ्या करता येतात. त्यासाठी विच्छेदन आणि सूक्ष्मदर्शक लागतो, छायाचित्र पुरत नाही. जातीचे नाव ठरवणे खरोखर गरजेचे असेल, तर तोच नर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा आणि कुपीवर छायाचित्राचाच क्रमांक लिहावा.