पेज पोटात गेल्यावर

(दृश्य : मालवणचा किनारा, सकाळ. मासे साफ करणाऱ्या मावशी. विळीपाशी सुरमई आणि बोय.)

सुरमईचं पोट विळीवर फिरलं की एवढंसं आतडं हातात येतं आणि काम संपतं. आता ही खाडीतली बोय. हिचं आतडं संपायलाच तयार नाही, वेढ्यामागून वेढा, आणि आत बारीक काळा चिखल. मावशींना कारण विचारलं. "सुरमय मासे खाता, बोय चिखल खाता." मान वर न करता उत्तर आलं, आणि शास्त्रही हेच सांगतं. मासा पचायला सोपा. चिखलातल्या शेवाळातून, कुजक्या पाल्यातून सत्त्व काढायचं तर वेळ लागतो, आणि तेवढा वेळ अन्न आत राहायला वाट लांब लागते.

माणूस मासेही खातो आणि पालाही.

(दृश्य : रापणकर वाळूवर दोर अंथरतात. दोन खुणा.)

या खुणेपासून त्या खुणेपर्यंत साडेसहा मीटर. मृत्यूनंतर मोजलेलं माणसाचं लहान आतडं साधारण एवढं भरतं. जिवंतपणी स्नायूंच्या ताणामुळे ते आखडलेलं असतं, तीन ते पाच मीटर. पुस्तकागणिक आकडा बदलतो तो यामुळेच. शेजारचा जाड दोर दीड मीटरचा, ते मोठं आतडं. मोठं म्हणायचं ते रुंदीमुळे.

एवढा ऐवज पोटात गुंतत कसा नाही? सुटा दोर गुंततो, जाळ्याला शिवलेला गुंतत नाही. लहान आतड्याची वळणंही एका घडीदार पडद्याने पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवलेली असतात. रक्तवाहिन्या त्याच पडद्यातून येतात.

(दृश्य : चुलीवर टोप. उकडे तांदूळ. मीठ पडतं.)

पेज. भरपूर पाणी, तांदूळ, मीठ. दाणा फुटेस्तोवर शिजवायची, पाणी ओतून द्यायचं नाही.

जठरातून पेज पुढे सरकते तेव्हा स्वादुपिंडाचा रस तिच्यातल्या पिष्टाचे तुकडे करतो. शेवटची तोडणी, थेट ग्लुकोजपर्यंतची, होते आतड्याच्या अस्तरावर. तिथे मखमलीसारखे रसांकुर उभे असतात, प्रत्येक जेमतेम एक मिलिमीटरचा. हे सगळं पसरलं तर टेनिसचं मैदान भरेल, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. 2014 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नीट मोजलं, तर दोन्ही आतडी मिळून सुमारे 32 चौरस मीटर भरली. तेही काही थोडं नाही!

आता टोपातल्या मिठाकडे बघा. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरतं ते सोडियमला सोबत घेऊन, दोघांना दार एकच. ती आत गेली की पाणी मागोमाग जातं. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यातसुद्धा हे दार बंद पडत नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून रुग्ण जगवले, ते याच दाराच्या भरवशावर. आणि आमच्याकडे पोट बिघडलं की आजी मिठाची पेज देते. (जुलाब थांबत नसतील तर मोजून केलेलं ओआरएस आणि दवाखाना, त्याला पर्याय नाही.)

(दृश्य : डोंगरउतारावर नाचणी. कणसं जवळून.)

लहान आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो. प्यालेलं पाणी त्यात दोनेक लिटर, बाकी शरीराचेच रस. त्यातला लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो आणि बाहेर जातो तो फक्त 100 ते 200 मिलिलिटर.

नाचणीचा कोंडा मात्र इथपर्यंत न पचताच येतो. तो जिवाणूंचा वाटा. ते तो आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. म्हणजे भाकरी आपण खातो, जिवाणू तिचा कोंडा खातात आणि आपल्या पेशींना जेवण देतात.

(दृश्य : नाक्यावरची टपरी. चहा, खारी, बटर.)

मैद्यात कोंडा जवळजवळ उरत नाही. मग बद्धकोष्ठ, मूळव्याध वगैरे.

(दृश्य : ताटात पेज, नाचणीची भाकरी, सुकं.)

हे जेवण लहान आतडं तीन ते पाच तासांत पार करेल. भाकरीतल्या कोंड्याला बाहेर पडायला उद्याची, कधी परवाची सकाळ उजाडेल.